दोन्ही हात केसांत, मग ब्रश कुणाच्या हातात?

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि चित्राचे फोटो मिळाले. प्रदर्शनासाठी चित्र घेतलं नाही हे वाचून वाईट वाटलं. त्यावर आत्ता जास्त लिहीत नाही, कारण तू मला ते विचारलेलंच नाहीस. तू विचारलंयस ते जास्त महत्त्वाचं आहे: "सर, माझ्या आत जे चाललंय ते या चित्रात उतरलंय का?" आणि सोबत ज्या चित्रावरून तुला हे सुचलं त्याचाही फोटो जोडलायस. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे याचं आत्मचित्र, 'हताश माणूस'. विस्फारलेले डोळे, किंचित उघडे ओठ, तापलेले गाल, दोन्ही हातांनी मुठीत धरलेले केस. हल्ली ते प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी येऊन जातं. बहुतेक जण ते पुढे पाठवून मोकळे होतात. तू ते बघून ब्रश हातात घेतलास, याचा मला मनापासून आनंद झाला.

उत्तर लांबणार आहे, तेव्हा निवांत वेळ काढून वाच.

आधी एक प्रश्न. त्या चित्रातल्या माणसाचे दोन्ही हात केसांत आहेत. मग ब्रश कुणाच्या हातात होता?

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो सोडू नकोस. हे पत्र बाजूला ठेव, आरशासमोर उभी राहा आणि तसेच डोळे फाडून, तसेच केस धरून बघ. अर्ध्या मिनिटात डोळ्यांत पाणी येतं. भुवया वर ताणून धरल्या की कपाळ दुखायला लागतं. दंड जड होतात. म्हणजे कूर्बेने काय केलं असेल? केस धरले, आरशात पाहिलं, एक गोष्ट मनात पक्की धरली, समज वरच्या पापणीची डोळ्यावर पडलेली सावली, मग हात खाली आणले, ब्रश उचलला, पॅलेटवर रंग मिसळला आणि एक फटकारा दिला. कदाचित दोन. पुन्हा ब्रश खाली, पुन्हा केस हातात. हे शेकडो वेळा झालं असणार. आपल्याला जो एका क्षणाचा उद्रेक वाटतो तो कित्येक बैठका बसून, दिवसाचा उजेड सांभाळून, ओला रंग कुठे आणि सुकला कुठे याचं भान ठेवून केलेला आहे. हताश माणसाचं ते चित्र एका शांत माणसाने काढलंय, आणि तो तोच माणूस आहे.

याचा अर्थ त्याचं दुःख खोटं होतं असा काढू नकोस. त्याच्याजवळ कारणं भरपूर होती. 1819 मध्ये जन्मलेला, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या फ्रांश-कोंते भागातल्या ऑर्नां गावचा, जमीनजुमला बाळगून असणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. मुलाने वकील व्हावं अशी घरच्यांची इच्छा. 1839 च्या अखेरीस तो पॅरिसला आला आणि चित्रंच काढायला लागला. तेव्हाच्या पॅरिसमध्ये चित्रकाराला पुढे यायला एकच मोठा दरवाजा होता, तो म्हणजे सलों नावाचं सरकारी प्रदर्शन. तिथले परीक्षक चित्र आत घेणार किंवा परत पाठवणार, आणि परत आलेल्या चित्राकडे गिऱ्हाईक फिरकतही नसे. 1844 मध्ये त्याचं काळ्या कुत्र्यासोबतचं आत्मचित्र आत गेलं. पण त्या दशकात त्याने पाठवलेल्यातलं बहुतेक काम परत आलं, आणि 1847 मध्ये तर एकही चित्र घेतलं गेलं नाही. 'हताश माणूस' साधारण 1843 ते 1845 मधलं मानतात. म्हणजे वय चोवीस ते सव्वीस. तू आज आहेस त्याच्या आसपासचंच.

तेव्हा दुःख खरंच होतं. पण ईझलपुढे उभं राहिल्यावर त्याला जे काम करायचं होतं ते दुःखाचं नव्हतं. नाटकात नटीला हंबरडा फोडायचा असतो, तेव्हा त्याच हंबरड्यातला शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला स्पष्ट ऐकू जाईल, तोंड प्रकाशात राहील आणि समोरच्या नटाला त्याची जागा मिळेल, हे सगळं तिला सांभाळावं लागतं. खरोखर घसा दाटून आला तर वाक्य अडकतं आणि प्रेक्षागृहात काहीच पोचत नाही. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. 'माझ्या आतलं उतरलं का' हे बघायचं काम तुझं नाही. पापणीची सावली नीट पडली का, एवढं तुझं काम. ती नीट पडली की बाकीचं बघणाऱ्याकडे आपोआप जातं.

आता तुझ्या चित्राकडे येतो. मी फोटो मोठा करून, प्रत्येक भागावर थांबून पाहिला.

उजवा गाल छान आहे. खालच्या ओठाखालची सावली तर फारच छान, तिथे तू हिरवट करडा वापरलायस आणि तो जागच्या जागी बसलाय. त्या दोन ठिकाणी तू खरोखर बघत होतीस, हे मला फोटोतूनही कळलं.

पण हात बघ. केस धरलेल्या हातावर तू शिरा फुगवून काढल्या आहेस, निळसर, टपोऱ्या. पोरी, हात डोक्यावर धरला की शिरा फुगत नाहीत, बसतात. रक्त खाली उतरतं, मिनिटभरात पंजा फिका पडतो आणि बोटांची टोकं पिवळट दिसू लागतात. वर धरलेल्या हातात ताण दिसतो तो शिरांत नसतो. तो मनगटातल्या दोरीसारख्या कंडरांत आणि बोटांच्या पेरांवर पांढऱ्या पडलेल्या कातडीत असतो. तू काढलास तो हात टेबलावर खाली ठेवलेला आहे. तो बघून काढलास आणि चित्रात वर नेऊन चिकटवलास. आता कूर्बेचं मनगट बघ. वेदना दाखवायला त्याने शिरांचा आधार घेतलेला नाही. त्याने हात वर धरला आणि वर धरलेला हात काढला.

डोळ्यांचंही तेच. तुझ्या डोळ्यांतला पांढरा भाग ट्यूबमधून काढून तसाच लावलाय. डोळ्याचा पांढरा कधीच पांढरा नसतो. तो गोळा आहे, त्याला उजेडाची बाजू आहे, अंधाराची बाजू आहे, वरून पापणीची सावली पडते, आणि आतल्या कोपऱ्याकडे जाताना त्यात गुलाबी झाक येते. विस्फारलेला डोळा काढायचा असेल तर हे दुप्पट सांभाळावं लागतं, कारण बुबुळाच्या भोवतीने पांढरा जास्त दिसतो. सगळ्यात उजळ ठिपका एकच ठेवायचा, बुबुळावरच्या ओल्या चमकीचा. बाकी सगळं त्याच्या खाली उतरवायचं. तुझ्या चित्रात दात, डोळे आणि कुडत्याची बाही हे तिन्ही सारखेच पांढरे आहेत, म्हणून नजर कुठेच ठरत नाही. कूर्बेच्या अंगातला सदरा पांढरा आहे असं आपण म्हणतो, पण त्यात किती करडे आहेत ते नुसतं मोजत बस, एक संध्याकाळ जाईल.

आणखी एक गोष्ट तू कदाचित पाहिली नसशील. व्यक्तिचित्र म्हटलं की आपण कॅनव्हास उभा धरतो. हे चित्र आडवं आहे. सुमारे 45 सेंटीमीटर उंच आणि 55 रुंद, म्हणजे फोनवर बघून वाटतं तसं भिंतभर मुळीच नाही. आडव्या चौकटीत डोकं मधोमध आणलं की वर जागा उरत नाही, आणि दोन्ही हातांचे त्रिकोण कडेपर्यंत पसरतात. माणूस चौकटीत कोंडला जातो आणि आपल्या अंगावर येतो. ही घुसमट चेहऱ्याइतकीच चौकटीने केलेली आहे. तू तेच डोकं, तेच हात उभ्या कॅनव्हासवर घेतलेस, खाली पोटापर्यंत कुडता आला, वर भिंत आली. मोकळी हवा झाली. पुढच्या वेळी कोळशाने चार-पाच छोटे चौकोन काढून त्यात डोकं वेगवेगळ्या जागी बसवून बघ. यात अर्धा तास जातो आणि नंतरचे पंधरा दिवस वाचतात.

तू लिहिलंयस की हा चेहरा त्याने "आतून" काढला. तो आतून आला तसा बाहेरूनही आला होता. चेहऱ्यावरचे भाव हा फ्रान्समध्ये रीतसर अभ्यासाचा विषय होता. राग, भीती, विस्मय यांत भुवया कुठे जातात, तोंडाचे कोपरे कुठे वळतात, याच्या आकृत्या शार्ल ल ब्रंने सतराव्या शतकातच काढून ठेवल्या होत्या, आणि पॅरिसच्या कलाशाळेत एका भावाचं डोकं रंगवण्याची स्पर्धाही असे. त्याच्याही आधी 1630 मध्ये रेम्ब्रांटने, वय चोवीस, आरशासमोर डोळे वटारून, तोंड उघडून स्वतःची छोटी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, केली होती. त्यातली एक तर जेमतेम पाच सेंटीमीटरची आहे. कूर्बे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात जाऊन जुन्या उस्तादांच्या नकला करत बसायचा, डच, स्पॅनिश, व्हेनिसचे. त्याचं 'कातडी पट्टा बांधलेला माणूस' हे 1845-46 च्या सुमाराचं आत्मचित्र क्ष-किरणाखाली तपासलं तेव्हा आत दुसरंच चित्र निघालं. तिशियनच्या 'हातमोजा घेतलेला माणूस' या लूव्हरमधल्या चित्राची त्याने स्वतः केलेली नक्कल! त्या नकलेवरच त्याने स्वतःला रंगवलं.

मला हा तपशील फार आवडतो. कॅनव्हासचे पैसे वाचवायला केलं असेल, हे उघड आहे. पण त्या पोराच्या चेहऱ्याखाली खरोखरच तिशियन आहे. आणि ही सवय त्याने नाव झाल्यावरही सोडली नाही. 1869 मध्ये पन्नाशीला आलेला, युरोपभर गाजलेला कूर्बे म्युनिकला गेला आणि तिथे बसून त्याने रेम्ब्रांटच्या आत्मचित्राची नक्कल केली. पन्नासाव्या वर्षी! तेव्हा नकला करायला सांगितल्या की तुम्ही मुलं तोंड वाकडं करता ना, "सर, मला माझं काढायचंय" म्हणता, तेव्हा मला हे आठवतं. तुझं तर तू काढणारच आहेस. त्याआधी एका चांगल्या डोक्याची नक्कल कर. प्लेन, म्हणजे चेहऱ्याचे सपाट पृष्ठभाग, कसे वळवलेत, गालाचं हाड कुठे संपतं, कडा कुठे विरघळवली आणि कुठे कापून ठेवली, हे हाताला कळू दे.

आता आरशाचं. माझी अट एवढीच आहे की फोटोवरून काढायचं नाही. तू फोनवर सेल्फी घेऊन काढलंस हे मला नाकावरून कळलं. फोन हातभर अंतरावर असतो, म्हणून नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. शिवाय फोन सावलीतला सगळा तपशील उजळून दाखवतो, जिथे डोळ्याला नुसता गडद, उबदार अंधार दिसतो. आणि मुख्य म्हणजे फोटोत गोठलेला क्षण असतो. त्यात बघायचं काही शिल्लक राहत नाही, नुसतं उतरवून घ्यायचं राहतं.

आरसा बऱ्यापैकी मोठा घे, डाग नसलेला. खिडकी एका बाजूला ठेव, शक्यतो उत्तरेची, म्हणजे ऊन आत येऊन सावल्या सरकत नाहीत. होस्टेलला उत्तरेची खिडकी नसेल तर एकच दिवा वरून एका बाजूने लाव आणि ट्यूबलाइट बंद कर. दोन दिवे कधीही नको. आरशावर तुझ्या चेहऱ्याची बाह्यरेषा मार्करने आखून बघ, ती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल. मागे जा, पुढे ये, निम्मीच राहील. कारण आरशातली तू आरशाच्या मागे तितकीच लांब असतेस जितकी तू पुढे. दोन फुटांवर आरसा ठेवलास तर चार फुटांवरच्या माणसाला बघते आहेस असं समज आणि डोकं केवढं घ्यायचं ते त्यावर ठरव. ईझल आरशाला अगदी लागून ठेव. मान वळवावी लागली तर प्रत्येक वेळी वेगळा चेहरा दिसतो.

नजरेचीही एक गंमत आहे. तोंड काढताना तू तोंडाकडे बघतेस, तेव्हा आरशातले तुझे डोळेही खाली जातात. डोळे काढताना ते तुझ्याकडे रोखून बघतात. म्हणून आत्मचित्रांतली नजर इतकी रोखलेली असते. ती बहुतेक वेळा निरखण्याची नजर असते, आणि बघणारे तिला राग म्हणतात, दुःख म्हणतात, अहंकार म्हणतात. म्हणू देत.

ग्राउंडबद्दल, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासला देतात त्या खालच्या रंगाबद्दल, दोन शब्द, कारण तू पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात केलीस आणि तिथेच निम्मी लढाई हरलीस. कूर्बे गडद ग्राउंडवर काम करायचा, तपकिरी, कधी जवळपास काळ्या. अंधारातून उजेडाकडे यायचं. सूर्याशिवाय निसर्ग काळाच असतो, उजेड जे करतो तेच मी करतो, पुढे आलेले भाग उजळवतो, अशा अर्थाचं त्याचं बोलणं नोंदवलेलं आहे. ही पद्धत चेहऱ्याला फार मानवते. सावली आधीच तिथे असते, तुला फक्त उजेड लावत जायचं असतं. पण त्याच्याइतकं काळं ग्राउंड घेऊ नकोस. तेलरंग जुना होत जातो तसा थोडा पारदर्शक होतो आणि खालचा काळोख वर डोकावू लागतो. कूर्बेची कितीतरी चित्रं त्यामुळे काळवंडली आहेत. तू बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर फिरव, फडक्याने पुसून मध्यम तपकिरी ठेव, आणि नीट सुकू दे. पहिले थर पातळ, वरचे तेलकट. उलट केलंस तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. तेलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला त्याचा वेळ लागतो. पंख्याखाली ठेवून घाई करू नकोस.

आणि पॅलेट नाइफने रंग खरवडायला शिक. दिवसाच्या शेवटी जो भाग जमला नाही तो ओला असतानाच खरवडून टाक. खाली जो पुसट ठसा राहतो तो दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडतो. तू तुझ्या डाव्या डोळ्यावर इतके थर चढवले आहेत की तिथे रंगाचा गड्डा झालाय. तो डोळा तू सोडायला तयार नव्हतीस. सोडायला हवा होतास.

यापुढचं जरा मोठ्या पल्ल्याचं आहे. तू लिहिलंयस, "हे चित्र आता मला बघवत नाही, त्यावर पांढरा मारून टाकावासा वाटतो." थांब.

कूर्बेचं अजून एक आत्मचित्र आहे, 'जखमी माणूस', पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. एका झाडाला टेकून डोळे मिटलेला तरुण, सदऱ्यावर छातीपाशी रक्ताचा डाग, बाजूला तलवार. द्वंद्वात घायाळ झालेला कुणी वीर वाटतो. 1844 च्या सुमारास त्याने ते सुरू केलं तेव्हा त्यात रक्त नव्हतं आणि तलवारही नव्हती. क्ष-किरणांत दिसतं की त्याच्या खांद्यावर डोकं टेकून एक स्त्री होती. झाडाखाली विसावलेले दोघं प्रेमिक. व्हर्जिनी बिने नावाच्या बाईशी त्याचं दहाएक वर्षांचं नातं होतं, त्यांना एक मुलगाही होता. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला ती मुलाला घेऊन निघून गेली. 1854 च्या सुमारास त्याने ते जुनं चित्र पुन्हा ईझलवर लावलं, ती होती तिथे झाडाची सावली आणि झगा रंगवला आणि छातीवर ती छोटी लाल जखम काढली.

चेहरा त्याने ठेवला. सुखाने झोपलेल्या माणसाचा चेहरा आणि मरणाऱ्या माणसाचा चेहरा, एकच. बाजूला काय आहे तेवढं बदललं. चेहऱ्यावरचा भाव म्हणून आपण जे वाचतो त्यातलं किती चेहऱ्यात असतं आणि किती आजूबाजूला, याचा एवढा मोठा धडा मला दुसऱ्या कुठल्या चित्राने दिलेला नाही. आणि जर त्याने 1844 मध्येच कंटाळून ते पुसून टाकलं असतं तर दहा वर्षांनी त्याच्या हाताशी काही नसतं. तेव्हा पांढरा मारू नकोस. मागे तारीख घाल, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेव, दुसरा कॅनव्हास ताण.

त्या एका दशकात त्याने स्वतःची वीसेक चित्रं काढली. चेलो वाजवणारा, कुत्र्याला घेऊन बसलेला, पट्टा बांधलेला, पाइप ओढणारा. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, आरशाला लागत नाहीत, हे एक कारण झालंच. पण 1854 मध्ये माँपेलिएच्या आल्फ्रेद ब्रुइया या संग्राहकाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मनाची स्थिती बदलत गेली तशी मी स्वतःची पुष्कळ चित्रं काढली, थोडक्यात माझं आयुष्यच लिहिलं. 'पुष्कळ' हा त्यातला मोलाचा भाग. एका चित्रात सगळं आयुष्य ओतायचा हट्ट त्याने धरला नाही. एकात पोरकट रुबाब आहे, एकात स्वप्नाळूपणा, एकात हताशपणा. पाइपवाल्या चित्रात तो डोळे अर्धवट मिटून आपल्याकडे बघतो, आणि मला विचारशील तर त्याचं सगळ्यात पिकलेलं आत्मचित्र ते आहे. ब्रुइयाने ते विकत घेतलं, आता ते माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात आहे. 'हताश माणूस' आणि ते शेजारी ठेवून बघ. मध्ये चारपाच वर्षं आणि पुष्कळ आरसा आहे.

तू मात्र पहिल्याच चित्राला सगळ्याची साक्ष द्यायला उभं केलंस. नकाराचं दुःख, घरची ओढाताण, मुंबईतलं एकटेपण, सगळं एका चेहऱ्यावर. तो चेहरा बिचारा गोंधळलाय.

कूर्बेचं पुढे काय झालं, तेही सांगतो, कारण तू नकाराबद्दल लिहिलंयस. 1848 च्या क्रांतीनंतर सलोंचे परीक्षकच नव्हते, त्या वर्षी त्याची चित्रं सरळ आत गेली. 1849 मध्ये 'ऑर्नां इथलं जेवणानंतरचं' या चित्राला पदक मिळालं, सरकारने ते विकत घेतलं, आणि पदकामुळे पुढची काही वर्षं त्याला परीक्षकांपुढे जावंच लागलं नाही. त्या चित्रात कुणी केस उपटत नाही. त्याच्या गावचे चार लोक टेबलाशी बसलेत, एक जण व्हायोलिन वाजवतो आणि बाकीचे ऐकतात. आरशापुढे घालवलेली ती सगळी वर्षं त्या चार जणांच्या चेहऱ्यांत कामाला आली. म्हणून मी तुला आत्मचित्र काढ म्हणतो. पुढे तू तुझ्या आजीला काढशील, भाजीवालीला काढशील, तेव्हा ही तयारी लागेल.

दुःख मात्र त्याला शेवटपर्यंत चुकलं नाही. 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारच्या काळात, व्हांदोम चौकातला स्तंभ पाडण्यात भाग घेतल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्याने स्वतःला तुरुंगाच्या खिडकीशी बसलेलं रंगवलं, गळ्यात लाल रुमाल, तोंडात पाइप. पन्नाशी उलटलेला, सगळं गमावत चाललेला माणूस, आणि चित्रात कुठेही आरडाओरडा नाही. पुढे स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च त्याच्यावर टाकला गेला, तीन लाख तेवीस हजार फ्रँकच्या वर, वर्षाला दहा हजारांच्या हप्त्याने. तो आधीच स्वित्झर्लंडला निघून गेला होता. पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, 31 डिसेंबर 1877 ला, तो ला तूर-द-पेल्झ या तळ्याकाठच्या गावी वारला.

अखेरच्या दिवसांत त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर कोलँने त्याच्या तिथल्या स्टुडिओचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात हताश चेहऱ्याच्या कूर्बेचं एक चित्र येतं. विशी-पंचविशीत काढलेलं ते छोटं आडवं चित्र त्याने विकलं नव्हतं. देश सोडताना बाकी कितीतरी मागे राहिलं, हे सोबत होतं. पुढे ते फार काळ खाजगी मालकीत राहिलं, क्वचित प्रदर्शनांत दिसायचं. आता ते कतारच्या संग्रहालयांकडे आहे आणि 2025 मध्ये त्यांनी ते ओर्सेमध्ये लावायला दिलं, त्या 'जखमी माणसा'च्याच संग्रहालयात. तुला कधी पॅरिसला जायला मिळालं तर दोन्ही बघ आणि मला सविस्तर लिही. मनगटापाशी जवळ जाऊन बघ, तिथे रंग किती पातळ आहे ते मला हवंय.

तोवर हे कर. सकाळी क्लासला जाण्याआधी एक तास, रोज. आरसा, एक दिवा किंवा खिडकी, तपकिरी ग्राउंडचा छोटा बोर्ड, आणि फक्त चार रंग: फ्लेक व्हाइट (म्हणजे शिशाचा पांढरा), तो मिळत नसेल तर टायटेनियम, यलो ओकर, लाइट रेड आणि आयव्हरी ब्लॅक. चेहरा कोरा ठेव, म्हणजे काही दाखवायचं नाही, नुसतं बसायचं. पहिला आठवडा डोळे काढूच नकोस, खोबण्यांच्या सावल्या काढ. दुसऱ्या आठवड्यात हात घे, वर धरलेला, खाली ठेवलेला, दोन्ही. थकलीस की हात खाली घे, विश्रांती दे, मॉडेलला देतो तशी. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेव आणि रंगाच्या हाताने काही खाऊ नकोस, विशेषतः शिशाचा पांढरा असेल तर.

बोर्ड मला कुरिअरने पाठवू नकोस, ओला रंग चिकटेल. दिवाळीला येशील तेव्हा सगळे घेऊन ये, फसलेलेही. घरच्यांना मी चित्राबद्दल काही बोललेलो नाही. आईला तुझी काळजी वाटते, तिला आठवड्यातून एक फोन करत जा.

अनेक आशीर्वाद.

तुझा,
सर